टोचून पळणारा वास

घणसोली,
१२ ऑगस्ट २०२३

ती. आत्यास,
साक्षीचा सविनय जयभीम वि. वि.

पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की मी ठणठणीत आहे. जूनमधला तो ताप कधीच उतरला. हातात फोन असताना पोरीला कागद कसा सुचला, असं तू आता पोस्टमन हरिओमलासुद्धा विचारशील. काम कागदाचंच आहे, म्हणून.

आमच्या कंपनीत नवं अत्तर करायचं चाललंय. साबणांचे आणि अगरबत्त्यांचे वास करून करून सर कंटाळले आणि म्हणाले की प्रत्येकाने आपापल्या गावाचा एक वास आणायचा. कुणी फणस म्हणालं, कुणी खाडी म्हणालं. माझ्या तोंडून पोखर्णीच्या अंगणातलं लिंबू निघून गेलं. डिसेंबरात ते अत्तर सरांपुढे ठेवायचं आहे. जमलं तर मला अत्तरकार म्हणून कायम करतील. पाच वर्षं मी नुसती मदतनीस आहे, हे तुला माहीत आहे.

लिंबाच्या जातीचे वास अत्तरात सगळ्यांत वर असतात. त्यांना आम्ही टॉप नोट म्हणतो. बाटली उघडली की आधी तेच भेटतात आणि आधी तेच निघून जातात. मग खालून गुलाब, लवंग, चंदन असे ठाण मांडून बसणारे वास वर येतात. म्हणूनच लिंबू हाताळणं फार कठीण.

तर एवढं कर. कागदी लिंबू, ईडलिंबू आणि मोसंबी, तिन्ही झाडांच्या साली पाठव. शिवाय प्रत्येक साल मोडून तिचा वास कसा येतो ते लिही. मोडल्याबरोबर कसा, पाच मिनिटांनी कसा, अर्ध्या तासाने कसा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसा. तुझ्याच शब्दांत लिही, पण लिहूनच पाठव. फोनवर सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही. बाबांना मात्र यातलं काही कळवू नकोस. ते उगाच काळजी करत बसतात.

कळावे. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
साक्षी


पोखर्णी,
२१ ऑगस्ट २०२३

चि. साक्षीस,
अ. आ. व जयभीम.

तुझं पत्र मिळालं. हरिओमने ते देताना दोनदा उलटंपालटं करून बघितलं आणि कोर्टाचं आहे का म्हणून विचारलं. हल्ली गावात कागद आला की लोकांना कोर्ट नाहीतर बँकच आठवते.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. साठी उलटलेली बाई अंगणात घड्याळ घेऊन साली हुंगत बसलेली बघून शेजारची सरजाबाई कपाळाला हात लावून निघून गेली. आता लिहून घे. कागदी लिंबाची साल मोडली की डोळ्यात उडते आणि नाकात टाचणी टोचल्यागत होतं. टोचतं आणि पळतं. पाच मिनिटांनी पुसलेल्या पाटीचा वास राहतो आणि अर्ध्या तासाने काही नाही, बोटं तेवढी कडू. ईडलिंबू टोचत नाही. ते जाड, गोडसर, नव्या लाकडी पेटीसारखं येतं, आणि चहा झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं सकाळपर्यंत बसून राहतं. मोसंबीने दवाखान्यात कुणाला तरी भेटायला गेल्यासारखं वाटतं. याहून मला सांगता येत नाही.

आता माझं ऐक. पाच वर्षांची होतीस तेव्हा मी तुझे डोळे बांधून नाकाखाली साल धरायची. तू झाडाचं नाव तर सांगायचीसच, वर फळ आजचं का कालचं तेही सांगायचीस. त्याच नाकावर तुला नोकरी लागली. त्या नाकाला म्हातारीच्या नाकाची गरज का पडावी? साली तर मी पाठवायलेच, मग वरून माझं वर्णन कशाला? त्यात फोनवर नको आणि बापाला सांगायचं नाही. तीस वर्षं अंगणवाडी चालवलीय गं मी. तोंड पुसून आलेलं लेकरू गूळ खाऊन आलंय हे मला लांबून कळतं.

कळावे. लोभ आहे, पण डोळा ठेवून आहे.

तुझी आत्या,
पंचफुला


घणसोली,
३ सप्टेंबर २०२३

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

साली पोचल्या आणि पत्रही पोचलं. पत्र तर मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलं. तुझ्या शंकेचं उत्तर सोपं आहे. रोज शंभर वास घेऊन आमची नाकं बोथट होतात, म्हणून बाहेरचं ताजं नाक लागतं. एवढंच आहे, गुळाचा काही संबंध नाही.

पण मला अजून नीट हवंय. टाचणी टोचते ती नाकाच्या शेंड्याला की वर कपाळापाशी? पाटी ओली की वाळलेली? पेटी सागवानाची की बाभळीची? पेटीत कपडे आहेत की ती रिकामी आहे? तुला हसू येईल, पण मला हे सगळं हवं आहे. आणखी साली पाठव आणि प्रत्येकीचं पुन्हा सविस्तर लिही.

आणखी एक. कंपनीचा कागद भरायचा आहे. झाड कोणतं, किती वर्षांचं, कुणी लावलं, जागा कुणाच्या नावावर, असे रकाने आहेत. ग्रामपंचायतीतून घराच्या नमुना आठच्या उताऱ्याची झेरॉक्स मिळाली तर तीही पाठव.

कळावे. रागावलीस तरी चालेल, पण लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
साक्षी


पोखर्णी,
११ सप्टेंबर २०२३

चि. धम्मानंद यास,
अक्काचा जयभीम व आशीर्वाद.

सेलूच्या बाजार समितीत तू जन्मभर कारकुनी केलीस, कागदामागचा कागद तुला कळतो. म्हणून तुझ्या लेकीची दोन्ही पत्रं सोबत पाठवायले. तुला सांगू नको असं तिने लिहिलंय, ते मी वाचलंच नाही असं समज.

मला आता शक यायलाय. आधी साली मागितल्या, मग वर्णन, मग झाड कुणी लावलं ते, आणि आता घराचा उतारा! गावातल्या भागवतला मी नाव न घेता विचारलं. तो म्हणायलाय की मोठ्या कंपन्या खेड्यातली वस्तू नेतात, तिचं बारीकसारीक लिहून घेतात आणि स्वतःच्या नावावर करून टाकतात. भागवत फोनवर काहीबाही वाचतो, त्याचं सगळंच खरं नसतं. पण तिला सालींपेक्षा माझे शब्दच जास्त हवे आहेत, हे मला कुणी सांगायला नको.

ही झाडं आईची आहेत, धम्मा. तिला गावच्या आडाला हात लावायची मुभा नव्हती. भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी घालून तिने ती जगवली. वहिनी गेली तेव्हा चार वर्षांची साक्षी तू माझ्या पदरात टाकलीस, ती याच सावलीत मोठी झाली. मला पोटचं लेकरू नाही. ही तीन झाडं आणि ती एक पोर, एवढाच माझा संसार. त्यातली पोरच झाडं विकायला निघाली असेल तर मी कुणाकडे बघावं?

म्हणून मी तिची परीक्षा घेतलीय. साली उकळून, पाणी तीनदा बदलून, उन्हात कडक वाळवल्या. वासाचा कण ठेवला नाही. मग लोणच्याच्या हिंगाचा खडा ज्या लाल किनारीच्या फडक्यात वर्षभर बांधलेला असतो, त्यात त्या बांधल्या आणि वर ताज्या साली म्हणून चिठ्ठी लावली. पार्सल घेताना हरिओमने नाक दाबलं आणि मसाल्याचा धंदा काढला का म्हणून विचारलं. साक्षी स्वतः वास घेत असेल तर पार्सल उघडताच फोन करून माझ्या नावाने ओरडेल. न ओरडली, तर साली नुसतं निमित्त आहेत आणि तिला फक्त कागद भरायचेत.

कळावे. मला शहाणपण शिकवायला पत्र लिहिणार असशील तर खुशाल लिही.

तुझी अक्का,
पंचफुला


॥ नमो बुद्धाय ॥
सेलू, १८ सप्टेंबर २०२३

ती. अक्कास,
धम्मानंदचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र पोचले, मजकूर समजला. अक्का, तू हे बरं केलं नाहीस. पोरीवर शक होता तर सरळ विचारायचं होतंस. अंगणवाडीतल्या लेकरांचे खिसे तपासायची सवय तू घरातही सोडत नाहीस. कागदाचं म्हणशील तर माल कुठून आला हे लिहायला असे रकाने आमच्याकडेही असायचे. त्यावरून कुणाची जागा कुणाच्या नावावर होत नाही.

पण काळजी मलाही आहे, ती वेगळी. जुलैत दोन दिवस आली होती. पूर्वी घरात पाऊल टाकताच शेजारी काय शिजतंय ते सांगायची, ते काही नाही. गॅसवर दूध ठेवून तिथेच पुस्तक वाचत बसली होती. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं जळून काळं झालं, आणि मी अंगणातून धावत आलो तरी ही पान उलटत होती. मी थोडं बोललो तर एवढ्याशा दुधासाठी हमसून रडली. मला वाटतं तिथे नोकरीत काही बिनसलं असावं किंवा कुणाशी मन जुळून मोडलं असावं. बापाने विचारायचं कसं?

परीक्षेचं पार्सल थांबवता आलं तर थांबव.

कळावे. वडीलपणाची माया असू दे आणि पोरीच्या बाबतीत थोडा दम धर.

तुझा,
धम्मानंद


घणसोली,
३० सप्टेंबर २०२३

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

किती छान साली पाठवल्यास! पार्सल उघडलं आणि खोलीभर लिंबाचा घमघमाट सुटला. क्षणभर वाटलं की मी अंगणातल्या दगडावर बसलेय आणि तू मागून माझे डोळे बांधतेयस. प्रवासात साली थोड्या सुकल्या, पण वास जसाच्या तसा आहे. मोडल्याबरोबर टोचतो आणि पळतो, तू लिहिलंस अगदी तसा.

आणि ते लाल किनारीचं फडकं! तुझी ती दुहेरी गाठ सोडवताना मला एकटीलाच हसू आलं. आजीच्या लुगड्याचं आहे ना ते? साली मी डब्यात काढल्या, पण फडकं टाकवेना. ऑफिसच्या कपड्यांत घडी घालून ठेवलंय, म्हणजे घरचा वास दिवसभर अंगावर राहील.

या वेळी वर्णन लिहायला विसरलीस. लवकर लिही, दिवस थोडे राहिलेत.

कळावे. आहे तेवढी माया पुरते, पण जास्त आली तर परत पाठवणार नाही.

तुझी,
साक्षी


पोखर्णी,
७ ऑक्टोबर २०२३

चि. धम्मानंद यास,
अक्काचा जयभीम.

तू मला दम धरायला सांगितलंस आणि मी मूर्खासारखा धरलाही. आता तिचं पत्र वाच. खोलीभर लिंबाचा घमघमाट म्हणे! त्या सालींना नळाच्या पाण्याइतकाही वास नव्हता. तिने पार्सल उघडलंसुद्धा नाही. माझीच जुनी वाक्यं मला परत वाढली. माझ्या हाताखाली वाढलेली पोर तोंडावर खोटं बोलायलीय आणि वर आईच्या लुगड्याची शपथ घेतल्यागत गोड बोलायलीय. उद्याच मी झाडांभोवती काटेरी तार मारून घेते आणि तिला कळवते की

८ ऑक्टोबर

काल इथवर लिहून हात थांबला, कारण तार मारायचं लिहिताना डोळ्यापुढे ते फडकं आलं. लाल किनार, दुहेरी गाठ. न उघडता तिला गाठ कशी कळली? म्हणजे पार्सल तिने उघडलंय, साली हातात घेतल्यात, फडकं नाकाला लावलंय. आणि ते कपड्यांत ठेवलंय. धम्मा, ते फडकं घरात ठेवलं तर मला स्वतःला ठसका लागतो. ते कुणी अंगावरच्या कपड्यांत ठेवील का?

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. दूध जळलं आणि तिला कळलं नाही. जूनमध्ये ताप आला होता. तुझ्या पत्रात सगळं होतं आणि मी नुसता माझा राग वाचत बसले.

पोरीचं नाक गेलंय रे. तिला कसलाच वास येत नाही. झाडं विकायला नाही, पोट वाचवायला ती माझे शब्द मागत होती. आणि मी तिच्या कपड्यांत हिंग पाठवलाय. उद्या सोमवार, ती तेच कपडे घालून अत्तराच्या कंपनीत जाईल. सकाळपासून सहा वेळा फोन लावला, उचलत नाही. माझ्या हातून फार वाईट झालं.

अक्का


घणसोली,
१४ ऑक्टोबर २०२३

ती. आत्यास,
जयभीम.

रविवारचे तुझे फोन उशिरा दिसले. सोमवारनंतर बाबांकडून परीक्षेचं सगळं कळलं, मग उचलायची इच्छा नव्हती.

दर सोमवारी अकरा वाजता आम्ही एका टेबलाभोवती बसतो. कागदाच्या पट्ट्यांवर वास लावून फिरवतात आणि जो तो आपल्या वहीत लिहितो. चार महिने मी शेजारच्या निकिताच्या वहीत बघून लिहीत होते. फडक्यालगतचे कपडे मी या सोमवारी पहिल्यांदाच घातले होते. पट्ट्या यायच्या आधीच निकिताने विचारलं की हिंग कुणी आणलाय. सगळे इकडेतिकडे हुंगू लागले. मीही हुंगू लागले, सगळ्यांत जास्त मीच, आणि वास कुठून येतोय असं मीच मोठ्याने विचारलं. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला.

सरांनी बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि माझ्यापुढे चार पट्ट्या ठेवल्या. मला एकही सांगता आली नाही. एक तर कोरीच होती, असं नंतर कळलं. तिच्यावर मी गुलाब लिहिला होता.

तापानंतर एका सकाळी चहाला वास नव्हता, तो अजून नाही. डॉक्टर म्हणतात की कधी महिन्यात परत येतो, कधी वर्षात, कधी येतच नाही. मी कुणाला सांगितलं नाही, कारण नाकाशिवाय माझ्यापाशी दुसरं काय होतं? तू टाचणी म्हणालीस तिथे मी लिंबाच्या सालीचं तेल वाढवलं, पेटी म्हणालीस तिथे देवदार घातला. सगळं आठवणीवर आणि तुझ्या शब्दांवर. सरांनी ते अत्तर त्याच दिवशी पट्टीवर घेतलं आणि म्हणाले की टोचणं आणि पळणं दोन्ही बरोबर पकडलंय. ते कसं आहे मला ठाऊक नाही, आत्या. माझ्या अत्तराचा वास मी अजून घेतलेला नाही.

त्यांनी मला काढलं नाही. मार्चअखेरपर्यंत वजनकाट्यावर बसवलंय. दुसऱ्यांनी लिहिलेली अत्तरं थेंब मोजून बनवायची. तोवर नाक आलं तर ठीक, नाहीतर दुसरं काम शोधायचं. आणि तो रकान्यांचा कागद. त्यात आजीचं नाव घालायचं होतं. ज्याचं झाड असतं त्याचं नाव अत्तराच्या खोक्यावर छापतात.

तू मला एकदा सरळ विचारलं असतंस तर? खरं सांगायचं तर मी तेव्हाही खोटंच बोलले असते. तरी तू विचारायला हवं होतंस.

साक्षी


पोखर्णी,
२२ ऑक्टोबर २०२३

माझ्या साक्षीस,
आत्याचा जयभीम.

तुझं पत्र मी देवळीत ठेवलंय, रोज एकदा वाचते. तू कळावे लिहिलं नाहीस आणि माया मागितली नाहीस, तेही रोज वाचते.

माझं चुकलं. वय झालं म्हणून चुकलं नाही, भागवतमुळेही चुकलं नाही. ज्या पोरीला मी डोळे बांधून खरं ओळखायला शिकवलं, तिला मीच ओळखलं नाही. विहारात रोज चौथं शील म्हणते, खोटं बोलणार नाही म्हणून, आणि खोट्या चिठ्ठीचं पार्सल पाठवते. मला लाज वाटते.

परभणीच्या नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांना वाटलं माझंच दुखणं. ते म्हणाले की गेलेल्या नाकाला शाळेत घालावं लागतं. चार वास, सकाळ-संध्याकाळ, डोळे मिटून, प्रत्येकाची आठवण काढत. लिंबू, गुलाब, लवंग, नीलगिरी. तुझ्या कंपनीत हजार बाटल्या असतील, पण ही शाळा माझ्या अंगणात सुरू झाली होती, तर आताही इथूनच चालेल. सोबत चार छोट्या बाटल्या आहेत. प्रत्येकीत कापसाचा बोळा, म्हणजे डोळ्यांना लबाडी करता येणार नाही. लिंबाच्या बोळ्यावर आपल्या झाडाची साल पिळलीय. तो वास टिकत नाही, म्हणून दर पंधरवड्याला नव्या पाठवीन. चिठ्ठ्या खऱ्या आहेत. यापुढे खऱ्याच असतील, चौथ्या शीलाची शपथ.

तू एवढंच कर. वास आला तर आला लिही, नाही आला तर काही नाही म्हणून लिही. मला खूश करायला एक अक्षर लिहू नकोस.

कळावे. लोभ ठेवायचा की नाही ते तुझ्यावर आहे, मागायचं तोंड मला नाही.

आत्या


घणसोली, ८ नोव्हेंबर २०२३

ती. आत्यास जयभीम. लिंबू काही नाही. गुलाब काही नाही. लवंग काही नाही. नीलगिरी काही नाही. बाटल्या नीट पोचल्या. फडकं मी धुतलेलं नाही, डब्यात बंद करून ठेवलंय. कळावे.
साक्षी


घणसोली, १० डिसेंबर २०२३

ती. आत्यास जयभीम. लिंबू, गुलाब, लवंग काही नाही. नीलगिरीने नाकात गार वाटलं, पण डॉक्टर म्हणाले की तो वास नव्हे, नुसता गारवा. वजनकाट्यावर हात बसलाय. निकिता माझ्यासाठी डबा आणते आणि भाजीत काय काय आहे ते वासावरून सांगते. मी ऐकते. कळावे. थोडी माया पाठव, बाटलीत नको, कागदावर.
साक्षी


घणसोली,
२८ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

आत्या, चारही वास आले! लिंबू मोडल्याबरोबर टोचतं आणि पळतं. गुलाब गोड, लवंग तिखट आणि नीलगिरी तर चांगलीच झोंबली. तू आणि बाबा आता निर्धास्त व्हा. फेब्रुवारीत बाटल्या पाठवल्या नाहीस तरी चालेल, तुझे गुडघे दुखतात आणि त्यात पोस्टाच्या फेऱ्या नकोत. मार्चमध्ये सर पट्ट्या ठेवतील तेव्हा सगळं ठीक होईल.

कळावे. अखंड लोभ असू दे.

साक्षी


पोखर्णी,
९ फेब्रुवारी २०२४

चि. धम्मानंद यास,
अक्काचा जयभीम.

तू विहारात पेढे वाटलेस असं कळलं. बरं केलंस, पेढे कधी वाया जात नाहीत. पण मला पेढा गिळवेना.

लिंबू मोडल्याबरोबर, असं लिहिलंय तिने. बाटलीतल्या कापसाच्या बोळ्याला मोडणार कसं? ते माझं ऑगस्टातलं वाक्य आहे. खरा वास आलेली माणसं नवं काहीतरी लिहितात, आणि अडखळत लिहितात. चारही वास एकाच पंधरवड्यात, एकाच रांगेत कधी येतात का? आणि बाटल्या पाठवू नकोस म्हणते. पोरगी थकलीय धम्मा. आपल्याला सुख व्हावं म्हणून खोटं बोलायलीय आणि मार्चात सरांपुढे पुन्हा कोऱ्या पट्टीवर गुलाब लिहील. या खेपेला तिचं सगळंच जाईल, नोकरी आणि हिंमत दोन्ही.

म्हणून मी शपथ मोडायलेय. आज बाटल्या गेल्या. लिंबाच्या चिठ्ठीखाली लवंग आहे आणि लवंगेच्या चिठ्ठीखाली लिंबू. ती चिठ्ठ्या वाचून सगळं आलं म्हणून लिहील, तर मी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसून घणसोली गाठीन आणि तिला जवळ घेऊन बसेन. या वेळी पत्रावर सोडणार नाही. तिला यातलं काही सांगू नकोस.

कळावे. मला नावं ठेवायची असतील तर महिनाअखेर ठेव.

अक्का


घणसोली,
२१ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
साक्षीचा सविनय जयभीम वि. वि.

आधी कबुली देते. जानेवारीचं पत्र खोटं होतं. एकही वास आला नव्हता. बाबांचा आवाज फोनवर रोज बारीक होत चालला होता, ते मला सहन होईना, म्हणून तुझीच वाक्यं उतरवून पाठवली. तू ओळखलं असशीलच.

नव्या बाटल्या नको म्हणूनही आल्या. दोन दिवस मी त्या उघडल्या नाहीत. आज सकाळी उघडल्या, सवय म्हणून. लिंबू काही नाही. गुलाब काही नाही. नीलगिरी गार. शेवटी लवंग घेतली, डोळे मिटले, लोणच्याच्या बरणीतली लवंग आठवली, आणि काही नाही असं लिहायला पेन उचललं. तेवढ्यात टोचलं.

नाकाच्या शेंड्याला नाही, वर कपाळापाशी. हे मी तुला विचारलं होतं आणि तू सांगितलं नव्हतंस. टोचलं आणि मी नीट बघेपर्यंत गेलं. पुन्हा हुंगलं, काही नाही. अर्ध्या तासाने पुन्हा हुंगलं, पुन्हा एकदाच, इतकंसं, आणि पळालं. मी खाली बसले आणि खूप रडले.

मग विचार केला. लवंग पळत नाही, आत्या. लवंग ठाण मांडून बसते, कपड्याला दोन दिवस सोडत नाही. पळतात ती आपल्या अंगणातली. ते कागदी लिंबू आहे का मोसंबी, एवढं अजून सांगता येत नाही. पण बाटलीवर तुझ्या अक्षरात लवंग लिहिलंय आणि आत लवंग नाही, एवढं मी कुणापुढेही सांगेन. तू मला परत फसवलंस. शपथ घेऊन फसवलंस. जानेवारीत मी चौथं शील मोडलं, फेब्रुवारीत तू मोडलंस, तेव्हा आता कुणी कुणाला बोलायचं नाही.

सरांना आजच सांगितलं, जेवढं आहे तेवढंच. एक वास, दोन श्वासांपुरता. ते म्हणाले की मार्चच्या पट्ट्या पुढे ढकलू. मग कपाटातून माझ्या अत्तराची बाटली काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि ते बाहेर गेले. मी ती अजून उघडलेली नाही. घरी घेऊन आलेय. तुझ्यासमोर उघडायची आहे, तेव्हा पुढच्या शनिवारी पोखर्णीला येते. कागदी लिंबाला फळं असू देत.

कळावे. लोभ असावा. माझ्यावरचा शक मात्र एवढ्यात सोडू नकोस, अजून तीन बाटल्या मुक्या आहेत.

तुझी,
साक्षी